वावरातला धोंडा आणि समुद्रातलं बेट

घारापुरीच्या मोठ्या लेण्यात शिरलं की माणसं सरळ आत जातात, त्या तीन मुखांच्या सदाशिवाकडे. आमचे मामा गेले नाहीत. ते दाराजवळच्या एका खांबापाशीच थांबले. खांबावर त्यांनी तळवा टेकवला, नखानं जरा खरवडायला गेले (मी घाईनं हात ओढला, पहारेकरी बघत होता) आणि म्हणाले, "बापू, हा तं आपल्या वावरातलाच धोंडा हाये!"

मामा वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्याचे. सत्तरी ओलांडलेली. समुद्र त्यांनी त्याच सकाळी पहिल्यांदा पाहिला होता आणि त्याबद्दल एवढंच बोलले होते, "एवढं पानी, अन् प्याले थेंब नाही." पण दगडाबद्दल ते अधिकारानं बोलू शकतात. तरुणपणी त्यांनी वावरात विहीर खांदली. आधी हात-दोन हात काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली काळा फत्तर. फत्तर लागला की पहार चालत नाही, सुरुंग लावावा लागतो. एक थर फोडला की खाली भुसभुशीत, भोकाभोकांचा पट्टा, भोकांमध्ये पांढऱ्या गारा. त्याच्याखाली पुन्हा काळा फत्तर. पाणी लागलं ते त्या भुसभुशीत पट्ट्यात. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात हेच लिहिलेलं असतं. मामांनी ते सुरुंगाच्या धुरात वाचलं.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. वाशीमची जमीन आणि घारापुरीचं बेट एकाच कुळातलं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनची भूमी जागोजागी उलली आणि तिच्या भेगांमधून लाव्हारस वाहत आला. शंकूच्या आकाराचा, वरून धूर सोडणारा, शाळेतल्या चित्रातला डोंगर इथे फारसा कुठे नव्हता. रस लांबच लांब पसरायचा, थिजायचा, मग त्याच्यावर दुसरा थर. असे थरांवर थर चढून आजच्या हिशेबानं पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख झाकला गेला. शास्त्रज्ञ त्याला दख्खन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलेला. सह्याद्रीचा कोणताही कडा लांबून पाहा, पायऱ्या दिसतात. मुंबईच्या बाजूचे थर त्यातल्या त्यात धाकटे. घारापुरी म्हणजे त्याच थरांचा समुद्रानं वेढलेला तुकडा. बेटावर ज्वालामुखीचं तोंड शोधायला गेलात तर सापडणार नाही, पण पायाखाली आहे तो सगळा थिजलेला रसच.

खराखुरा धूर सोडणारं बेटही आपल्या देशात एक आहे. अंदमानातलं बॅरन. १७८७ साली त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद झाली, मग दीर्घ काळ ते निपचित होतं आणि १९९१ मध्ये पुन्हा जागं झालं. तिथे माणूस राहत नाही. आणि ज्या आगीनं आपली काळी माती घडवली, ती विझलेली नाही. बऱ्याच भूशास्त्रज्ञांच्या मते भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत गेला आणि ती चूल मागे राहिली. आज ती हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली धगधगते आहे. शेजारचा मॉरिशसही तिचाच. एकोणिसाव्या शतकात कोकणातून जहाजानं जाऊन जे मराठी लोक मॉरिशसला उसाच्या मळ्यांत राबले, ते नकळत आपल्याच दगडावर जाऊन वसले, असं म्हणायला हरकत नाही.

आमच्याकडे गंमत उलटी. रिसोडहून जवळच, बुलढाणा जिल्ह्यात लोणार. तिथल्या विवराला लोक कित्येक वर्षं ज्वालामुखीचं तोंड समजत होते. मोठमोठ्या जाणकारांचाही तोच समज होता. नंतर सिद्ध झालं की ते आकाशातून आदळलेल्या अशनीनं पाडलेलं भोक आहे. म्हणजे ज्वालामुखी वाटत होता तो नव्हता, आणि ज्या वावराला कुणी ज्वालामुखी म्हटलं नाही ते सगळं त्याचंच.

एवढं सगळं मी मामांना त्या खांबापाशी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. ते आता सदाशिवासमोर उभे होते, टोपी काढून.

वाशीमच्या माणसानं या लेण्यात उभं राहावं याला आणखी एक कारण आहे. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ साली वाशीमला सापडलेल्या ताम्रपटामुळे ही शाखा इतिहासाला नीट कळली. या घराण्याचा मूळ पुरुष सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता. राजशेखरानं तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते वत्सगुल्मातच. त्याच घराण्यातल्या देवसेनाच्या काळात, शक ३८० मध्ये, वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याला सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याचा शिलालेख आहे. काळ्या फत्तरात पाणी अडवायची आमची धडपड इतकी जुनी.

देवसेनाचा मुलगा हरिषेण. अजिंठ्याचं सोळाव्या क्रमांकाचं लेणं त्याचा मंत्री वराहदेव यानं कोरवून घेतलं. तिथल्या लेखात हरिषेणाच्या नावावर जे प्रदेश मांडले आहेत त्यांत त्रिकूटही आहे, म्हणजे उत्तर कोकणाकडचा मुलूख. राजांच्या प्रशस्तीतले विजय थोडे मीठ लावूनच घ्यायचे असतात, पण वत्सगुल्माची नजर समुद्राकडे होती एवढं त्यातून दिसतं. हरिषेण गेला आणि अजिंठ्याचं काम थांबलं. कितीतरी लेणी अर्धवट राहिली. मग ते हात कुठे गेले? अजिंठ्यात उभी हयात घालवलेल्या वॉल्टर स्पिंक यांनी पुढच्या शतकातल्या जोगेश्वरी आणि घारापुरीच्या शैव लेण्यांचा संबंध कलचुरी कृष्णराजाशी जोडला, आणि अजिंठ्यानंतरच्या कारागिरीचा धागा इकडे आणला. कृष्णराजाची नाणी घारापुरीवर सापडली आहेत. वाद आहेत, असू देत. काळ्या फत्तरात वरून खाली कोरत येण्याची विद्या वत्सगुल्माच्या आश्रयानं वाढली आणि शंभर वर्षांच्या आत ती समुद्रातल्या या बेटावर पोचलेली दिसते, हे मला पुरेसं आहे.

बेटाची नासधूस मात्र परक्यांनी केली. १५३४ च्या तहानं हा भाग पोर्तुगीजांकडे गेला. त्यांनी किनाऱ्यावरचा दगडी हत्ती पाहून एलिफंटा हे नाव ठेवलं आणि लेण्यातला एक शिलालेख उचलून नेला, तो पुढे हरवला. इंग्रजांनी १८६४ साली तो हत्ती विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना तो पडून फुटला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. म्हणजे ज्याच्यावरून नाव पडलं तो हत्ती बेटावर नाहीच. निदान आपण तरी घारापुरी म्हणू या.

आता खरं सांगायचं ते परतीचं. जाताना सगळ्यांचं लक्ष लेण्यांकडे असतं. बेट दिसतं ते परतताना.

लेण्यांपासून धक्क्यापर्यंतच्या पायऱ्या दोन्ही बाजूंनी दुकानांनी भरलेल्या. दगडी हत्ती, मण्यांच्या माळा, टोप्या, काकड्या, कैऱ्या, भाजलेली कणसं. चालवत नसेल त्यांच्यासाठी खुर्चीला बांबू बांधलेली डोली. माकडं एवढी धीट की मामांच्या हातातली काकडी सोललेलीच घेऊन गेली. खाली जेट्टीवर खेळण्यातली वाटावी अशी आगगाडी. ती पाहून मामा एकदम खुलले. "आपली शकुंतला!"

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी. यवतमाळच्या फाट्यावर आमच्या जिल्ह्यातलं कारंजा. किलिक-निक्सन या विलायती कंपनीनं ती बांधली ती माणसांसाठी नव्हे, कापसासाठी. मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं. आता बंद आहे. तिचं सगळं गणित या समुद्राशी जोडलेलं होतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, वाटेत अकोला. वाशीमकडचा कापूस बैलगाड्यांनी अकोल्याला, तिथून रेल्वेनं मुंबई बंदरात. काळी माती लाव्ह्याची, तिच्यातलं पीक बोटीत, आणि बंदराच्या पैशांवर मुंबईच्या इमारती. आमच्या हाती त्यातलं काय राहिलं ते वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. आता तर शेतं सोयाबीनची झाली.

साडेपाचच्या सुमाराला शेवटच्या लाँचा सुटतात. शेवटच्यात बसायचं असं मी ठरवूनच आलो होतो, कारण कुठल्याही गावाची शेवटची गाडी पाहिली की गाव कळतं. आमच्याकडे खेड्यात शेवटच्या एसटीला कोण चढतं, कोण उतरतं, कोण नुसतंच गाडी आली का बघायला येतं, यावरून अर्धं गाव वाचता येतं. जेट्टीवर तेच होतं. पर्यटक मोबाइलवर फोटो काढत होते. गावातली माणसं मात्र पिशव्या मोजत होती. दोघं-तिघं समोरच्या लाँचमधून उतरले, एकाच्या खांद्यावर गॅसची शेगडी, एका बाईच्या कडेवर पेंगुळलेलं पोर आणि हातात औषधांची पिशवी. दवाखाना म्हणजे लाँच, बाजार म्हणजे लाँच, सोयरीक म्हणजे लाँच. मामा तेवढ्यात म्हणाले, "यायची यष्टी हेच हाय म्हना."

घारापुरी हे उरण तालुक्यातलं, रायगड जिल्ह्यातलं गाव. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वाड्या, वस्ती हजार-बाराशेच्या घरातली. लेणी १९८७ साली जागतिक वारशात गेली. पण बेटावर कायमची वीज आली ती २२ फेब्रुवारी २०१८ ला, समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर केबल ओढल्यावर. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा आणि मग अंधार. बेटाच्या टेकडीवरून रात्री समोर मुंबईचा झगमगाट दिसतो. स्वातंत्र्यानंतरची सत्तर वर्षं त्या माणसांनी तो झगमगाट कंदिलाच्या उजेडात बसून पाहिला. भारनियमनाच्या दिवसांत आम्ही वाशीमकरांनी बऱ्याच शिव्या दिल्या होत्या. त्या आठवून मला जरा लाजल्यासारखं झालं.

लाँच हलली. खलाशानं दोर सोडून फळीवर उडी मारली, तांडेलानं जेट्टीपासून नाक वळवलं, इंजिनाचा धुगधुग आवाज तळव्यांतून वर आला. वरच्या डेकला वेगळे थोडे पैसे पडतात. मामांना ते पटलं नाही, पण वर आले आणि मग जागचे हलले नाहीत. ओहोटी होती. बेटाच्या कडेनं राखाडी चिखल उघडा पडला होता आणि त्यात तिवरांची मुळं हजारो बोटांसारखी वर आलेली. जरा दूर गेलो तसं बेट एकदम पूर्ण दिसलं, दोन टेकड्या आणि मधली खळगी. मामा मान तिरकी करून म्हणाले, "बैल बसल्यावानी दिसते."

अंतर दहा-अकरा किलोमीटर, वेळ तासभर. एवढ्यात जे दिसतं ते काही निसर्गसौंदर्य नव्हे, आणि म्हणूनच मला ते जास्त आवडलं. मागे न्हावाशेवाच्या जेएनपीए बंदरातल्या क्रेन उंटांच्या तांड्यासारख्या उभ्या. उत्तरेला तुर्भ्याच्या चिमण्या आणि अणुकेंद्राचा घुमट. वाटेत जवाहर द्वीप, ज्याला जुने लोक बुचर बेट म्हणतात. तिथे तेलाच्या टाक्या आणि टेकून उभे असलेले टँकर. २०१७ च्या ऑक्टोबरात तिथल्या एका टाकीवर वीज पडून आग लागली होती. मागे वळून पाहिलं तर उत्तरेकडे अटल सेतूची लांबलचक रेघ. १२ जानेवारी २०२४ ला खुला झालेला, २१.८ किलोमीटरचा. पुलावरून वीस मिनिटांत खाडी ओलांडता येते. घारापुरीकराला त्याचा उपयोग नाही, पूल त्याच्या गावाला टेकतच नाही. समृद्धी महामार्ग आमच्या मालेगाव-कारंजा भागातून गेला तेव्हा काठावरच्या खेड्यांनी असंच कुंपणापलीकडून पाहिलं होतं.

कुरव पक्षी लाँचमागे लागले होते. पोरं त्यांना कुरकुरे फेकत होती. कुणीतरी ते थांबवायला हवं. पक्ष्यांच्या पोटाला ते बरं नाही.

निम्म्या वाटेत मामांनी अंगावरच्या केशरी लाइफ जॅकेटाचा पट्टा सोडला, गरम होतंय म्हणून. खलाशी लगेच आला आणि "आजोबा, लावा," एवढंच म्हणाला. मामांनी लावला. खलाशानं कारण सांगितलं नाही. डेकवरच्या सगळ्यांना ते माहीत होतं. १८ डिसेंबर २०२४ च्या दुपारी याच वाटेवर, गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या लाँचवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट येऊन आदळली. लाँचवर शंभरावर माणसं होती. १५ जीव गेले, त्यात एक सात वर्षांचा मुलगा, त्याचा मृतदेह तीन दिवसांनी मिळाला. त्यानंतर जॅकेट सक्तीचं झालं.

या पाण्याचा आणखी जुना हिशेब आहे. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. कोकणातल्या अनेक घरांत ती तारीख अजून सांगतात. नियम आले ते त्यानंतर, आणि पुढे सवयीनं सैलही झाले. एसटीत उभ्यानं किती माणसं घ्यायची हे पाटीवर लिहिलेलं असतं आणि ते कोणी मोजत नाही, हे आपण रोज पाहतो. रस्त्यात गाडी बंद पडली तर माणूस उतरून चालू शकतो. पाण्यात उतरून कुठे चालणार? लाँच ही सहल नाही, सार्वजनिक वाहतूक आहे, आणि तिला एसटीएवढं तरी गांभीर्य मिळायला हवं. मुंबईहून बेटापर्यंत रोपवे करायच्या घोषणा झाल्या. रेडिओ क्लबजवळ नव्या जेट्टीचं काम निघालं तेव्हा तिथले रहिवासी कोर्टात गेले. या सगळ्यात मला एक साधी गोष्ट शोधूनही दिसली नाही. औषधांची पिशवी घेतलेली ती बाई उन्हात उभी होती. पोराला घेऊन तिला बसता येईल असा बाक, डोक्यावर पत्रा, आणि पावसाळ्यात समुद्र खवळून लाँच बंद राहिली तर तिला कुणाला फोन करायचा हे लिहिलेली एक पाटी. आमच्या खेड्यातल्या एसटी थांब्यावर निदान पत्रा असतो, भले त्याखाली बकऱ्या बसलेल्या असोत.

उजवीकडे नौदलाची राखाडी जहाजं दिसू लागली आणि समोर गेटवे. मामा जागचे उठले. "ह्या कमानीलेही आपलाच धोंडा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. पिवळसर छटेचा, पण बेसॉल्टच. जॉर्ज विटेटनं आखलेली ही कमान ४ डिसेंबर १९२४ ला खुली झाली. राजाच्या स्वागताची आठवण म्हणून बांधली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची इंग्रज पलटण तिच्याखालूनच बोटीत बसून निघून गेली. ज्या मुंबईच्या सात बेटांवर आपण उतरत होतो तीही त्याच लाव्ह्याची. म्हणजे बेटावरून बंदराला आलो असं आपण म्हणायचं, एरवी दगडाच्या हिशेबानं मामा आपल्या वावरातून हललेच नव्हते.

गेटवेला लाँच थेट पायरीला लागत नाही. आधीच्या दोन-तीन लाँचा शेजारी-शेजारी बांधलेल्या असतात, आणि एकीतून दुसरीत पाय टाकत काठावर जावं लागतं. लाटेनं दोन्ही कठडे खालीवर होत असतात. मामांनी बैलगाडीतून उतरताना धरतात तसा खलाशाचा दंड धरला, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि दगडी पायरीवर आल्यावर वाकून तिला हात लावून तो कपाळाला लावला. मागच्या लोकांना वाटलं, म्हातारा समुद्राला नमस्कार करतोय.

वाशीमहून जायचं असेल तर अकोल्याला येऊन रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस धरा, सकाळी सीएसएमटीला उतराल. सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस सोडा. पावसाळ्यात जाऊ नका. पाण्याची बाटली बेटावर टाकू नका, ती परत आणा. लाँचमध्ये जॅकेट मागून घ्या, आणि कोणी दिलं नाही तर त्या लाँचमध्ये बसू नका.